एकतीस नंबरची पेटी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

मॅडमनी आज वही दिली. कडक पुठ्ठ्याची, दोनशे पानी. म्हणाल्या, "अहो उरकुडे, या शेडमध्ये जो काम करतो तो वही ठेवतो. डाव्या पानावर दिसलं ते लिहायचं, उजव्या पानावर वाटलं ते. दोन्हींची सरमिसळ केलीत तर पगार मिळत राहील, पण मी तुमच्याशी बोलणं बंद करीन."

डावं पान त्या दर शनिवारी तपासणार. उजवं वाचत नाहीत म्हणे. "दुसऱ्याला काय वाटतं ते ऐकण्यात माझी नोकरीची तीस वर्षं गेली. आता पुरे."

मी नववी नापास. चोवीस वर्षांत मला 'अहो' म्हणणारी ही पहिली बाई. पद्मजा आगाशे, वय सत्तरीच्या पुढे, दगडांच्या शास्त्रज्ञ. या संशोधन संस्थेतून रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी मागच्या शेडची किल्ली अजून यांच्याच पर्समध्ये असते.

तर हे उजवं पान माझं.

पुण्यात आलो त्याला सहा वर्षं झाली आणि हे सहावं काम. याच्या आधी खराडीत टॉवरमधल्या स्वयंपाकघरांच्या ओट्याचा ग्रॅनाइट कापायचो. सुपरवायझरशी वाजलं, सोडलं. इथे ब्लेड तेच, हिऱ्याचं, पाण्यावर चालणारं. फक्त इथे कापलेल्या दगडावर कोणी कणीक मळणार नाही.

आज ट्रकमधून बेचाळीस लाकडी पेट्या उतरवल्या. जमिनीत खोल भोक पाडलं की ड्रिलमधून मनगटाएवढ्या जाड दगडाच्या कांड्या निघतात, त्या जशा निघाल्या तशा क्रमाने पेटीत मांडायच्या. पेटीत पाच नाळी, म्हणजे लांब खाचा, एका नाळीत मीटरभर कांड्या. पेट्यांवर लिहिलंय: चिचपारडी, जि. चंद्रपूर, २०११.

चिचपारडी माझं गाव.

तेव्हा कोळसा शोधायला ड्रिल आली होती. मी दहा वर्षांचा. आणि या पेट्या भरायचे ते माझे बाबा, ज्ञानदेव उरकुडे. लिहिता-वाचता येत नाही, पण ड्रिलवरचा साहेब सगळ्यांसमोर म्हणायचा, ज्ञानदेवसारखी पेटी कोणी भरत नाही. परमनंट करतो म्हणाला होता. आणि एक दिवस बाबा काम सोडून घरी आले. कारण काही नाही. आमचं घर तिथून उतरणीला लागलं. पुढे बारा वर्षं गिट्टीच्या क्रशरवर.

मॅडमना यातलं काही बोललो नाही. काय सांगू, की या पेट्या भरणारा माणूस सोन्यासारखं काम टाकून पळाला? टिकून न राहणं आमच्या रक्तातच आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

पेट्या झाडल्या. चार पेट्यांना वाळवी. एकतीस नंबरच्या पेटीचा कोपरा फुटलेला, त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलाय. पत्र्यावर अर्धं सूर्यफूल अजून पिवळं आहे. (हे डाव्या पानावरही लिहिलं. मॅडमनी शनिवारची वाट न पाहता सूर्यफुलाखाली रेघ मारून 'छान' लिहिलं.)

हडपसरच्या रूमवर रूममेट दशरथला सांगितलं की आमच्या गावाचे दगड पुण्यात आलेत. तो मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर हमाली करतो, माणूस लातूरकडचा. म्हणाला, "गावातली माणसं आली, आता दगडंबी यायलेत. मागं राहिलंय काय तिथं?"

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज कळलं हे दगड कशासाठी आणलेत.

तीस कोटी वर्षांपूर्वी आपला देश इथे नव्हताच. खाली होता, दक्षिण ध्रुवाकडे, आणि आमच्या चंद्रपुरावर बर्फाचे डोंगर होते. मला हसूच आलं. मे महिन्यात आमच्याकडे चप्पल डांबराला चिकटते.

मॅडम म्हणाल्या, "हसा. मीही हसले होते. मग गुडघे टेकून दगड पाहिले, तेव्हा हसू थांबलं."

बर्फ पुढे सरकला की वाटेतली माती, गोटे, खडक सगळं रगडत आणतो आणि टाकतो. तो थर सरमिसळ, ओबडधोबड. बर्फ मागे गेला की तिथे पाणी साचतं, तळाशी बारीक गाळ बसतो, वहीच्या पानांसारखा. म्हणून कांड्या खालून वर वाचत गेलं की बर्फ कधी आला, कधी गेला ते कळतं. कोळसेवाले हा दगड लागला की ड्रिल थांबवतात, कारण याच्याखाली कोळसा नाही. पण मॅडमनी तेव्हा त्या साहेबाला गळ घातली होती, एक भोक तरी पुढे जाऊ द्या. तेच हे भोक. पेट्या मात्र तेरा वर्षं कुठल्याशा गोदामात पडून होत्या.

पीएचडी करणाऱ्या उत्कर्षाताई या पेट्यांवर दोन वर्षं काम करतायत. आधी गोदामात जाऊन बाहेरून मापं घेतली, आता आतून बघायचंय म्हणून कापायला इथे आणल्या. त्यांनी भिंतीवर लांब कागद लावलाय, त्यावर खालून वर रंगवलेले थर. बोट ठेवून दाखवलं, "हे बघ, इथे बर्फ गेला. सगळ्यांना वाटतं गेला तो गेला. पण इथे, एकतीस नंबरच्या पेटीत, बघ. बारीक गाळ, मग त्यात एखाददुसरा गोटा, मग पुन्हा ओबडधोबड. म्हणजे तो परत आला, शंभू! शेवटचं एकदा परत आला आणि मग गेला. हे अजून कोणीच दाखवलेलं नाही. माझा अख्खा चौथा चॅप्टर यावर आहे."

संध्याकाळी मायचा फोन आला तेव्हा तिलाही सांगितलं. पुण्यात माझी भाषा बदलली, पण माय बोलली की आपोआप वळते.

माय म्हणाली, "तीस कोटी वर्साचा बर्फ परत आला म्हनतं. अन् तू काहून नाई येत?"

मी म्हटलं, काम हाये.

७ डिसेंबर, शनिवार

आज शिकलेली गोष्ट विसरायची नाही म्हणून लिहितो.

पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगतात, त्यांच्यात गोटे अडकलेले असतात. बर्फ वितळला की गोटा सुटतो आणि तळाच्या मऊ गाळात पडतो. त्याच्या खालचे थर दबतात, वाटीसारखे. मग वरून नवा गाळ बसतो, तो गोट्यावर गोधडीसारखा पांघरला जातो. कांडी उभी कापली की हे सगळं दिसतं.

मॅडमनी भिंग दिलं. "वाटी ज्या बाजूला, ती बाजू खाली. माणसाने खूण करताना चूक केली असेल, पत्रिका चुकली असेल, जनगणना चुकली असेल. पडलेला गोटा चुकत नाही."

मी आज अकरा कांड्या कापल्या. दोन गोटे मिळाले, दोन्हींची वाटी खाली. कापलेला भाग ओला असताना हिरवा दिसतो. सहा कामं केली, पण सुट्टीची वेळ झाली हे आज पहिल्यांदा मला दुसऱ्याने सांगावं लागलं.

१६ डिसेंबर, सोमवार

माय म्हणते बाबांना आता दिवसभर मशीन लागते, ऑक्सिजनची. क्रशरची धूळ छातीत बसली. "फोन देऊ का त्याहिले?" म्हणाली. मी म्हटलं, बस आली माझी. बस आली नव्हती.

चार वर्षं झाली गेलो नाही. शेवटचा गेलो तेव्हाही एक काम सोडूनच गेलो होतो. बाबा म्हणाले, एका जागी टिक बाबू. मी म्हणालो, "तुम्ही कोनतं टिकले? परमनंट नोकरी लाथाडली अन् आमाले गिट्टीत घातलं." माझ्या बॅगेची चेन अडकत होती. बाबा कोनाड्यातली मेणबत्ती आणून ती चेनवर घासत बसले. दोनतीनदा उघडबंद करून बघितली आणि बॅग माझ्या हातात दिली.

१९ डिसेंबर, गुरुवार

दिसलं ते: पेटी एकतीस, तिसरी नाळ, चौथी कांडी. बाहेरून नुसती राखी. उभी कापली. आत सुपारीएवढा गोटा. वाटी वरच्या बाजूला. साहेबाने कांडीवर पांढऱ्या रंगाने वर जाणारा बाण काढलाय, त्या बाणाच्या टोकाकडे वाटी. गोधडी खाली.

हे डाव्या पानावर लिहिलेलं नाही.

वाटलं ते: आधी वाटलं मी कांडी उलटी धरली. चार वेळा फिरवून पाहिली. मग शेजारच्या कांड्या जुळवल्या. तुटलेली टोकं एकमेकांत नीट बसतात, सगळ्या पेटीत. म्हणजे एक कांडी उलटी नाही. उलटी असेल तर पेटीच उलटी आहे.

भिंतीवरचा कागद पाहिला. एकतीस नंबरचा तुकडा मनातल्या मनात फिरवला. खाली बत्तीस नंबर, ओबडधोबड. त्यावर एकतीस फिरवून ठेवला तर आधी ओबडधोबड, मग गोटे कमी होत जातात, मग नुसता बारीक गाळ. त्याच्यावर तीस नंबर, तोही बारीक गाळ. एकसारखं. कुठे उडी नाही.

म्हणजे बर्फ एकदाच गेला. परत आलाच नाही.

उत्कर्षाताई समोर बसून शेंगा खात होत्या. म्हणाल्या, "काय रे, भूत दिसलं?" मी म्हटलं, पाणी उडालं डोळ्यात. कापलेला तुकडा पेपरात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातला.

२० डिसेंबर, शुक्रवार

पत्र्यावरचं अर्धं सूर्यफूल. महिनाभर त्याच्यावरची धूळ मी पुसतोय.

तो तेलाचा डबा आमच्या घरचा होता. दुसरा अर्धा पत्रा आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याला आहे.

शाळा सुटली की मी बाबांचा जेवणाचा डबा घेऊन ड्रिलवर जायचो. साहेबाचा हुकूम होता, पेट्यांजवळ बाहेरचं माणूस दिसलं तर हजेरी बंद. त्या दिवशी बाबा पाण्याच्या पंपाकडे गेले होते. एक पेटी विटांवर ठेवलेली. मी तिच्या टोकावर उभा राहिलो, झुलत होतो. पेटी उपडी झाली. कोपरा फुटला. सगळ्या कांड्या खाली.

मी पेटी सरळ केली आणि एकेक कांडी उचलून लावली. कसं लावायचं ते बाबांनी दाखवलं होतं, टोकाला टोक बसलं पाहिजे, दाताला दात बसतो तसं. सगळी टोकं बसली तेव्हा मला वाटलं झालं बरोबर. इकडच्या कोपऱ्यातून सुरू करायचं की तिकडच्या, हे मनात आलंच नाही. बाबा यायच्या आत साहेब येताना दिसला, मी झाडामागे लपलो. तो रंगाचा डबा घेऊन बसला आणि त्याने सगळ्यांवर बाण काढले. मी जेवणाचा डबा पेटीजवळच टाकून पळालो.

बाबांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. कोपरा फुटलेला दिसला म्हणून त्यांनी पत्रा ठोकला असणार. पेटीत काय झालं ते त्यांना कळायचं कारण नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

तुकडा अजून पिशवीत आहे. रोज येतो, रोज जातो.

उत्कर्षाताईंनी आज कागद दाखवला. पंधरा जानेवारीला त्यांना मोठ्या परिषदेत बोलायचंय. शेवटच्या पानावर आभार. त्यात माझं नाव आहे. 'शंभू उरकुडे यांनी नमुने कौशल्याने कापले.' माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. दहावीच्या निकालात यायचं होतं, तिथपर्यंत गेलोच नाही.

"स्पेलिंग बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे."

"मग चेहरा असा का? पेढे मीच आणायचे का?"

काम सोडावं असं वाटतंय. हडपसरला एका मार्बलवाल्याकडे माणूस पाहिजे आहे. तुकडा मुठा कालव्यात टाकायचा आणि उद्यापासून तिकडे. कोणाला कळणार?

२ जानेवारी २०२५, गुरुवार

माय म्हणाली, "येऊन जाजो बाबू. त्याहिले दम निंगत नाई." मी म्हटलं, पंधरा तारखेनंतर येतो.

पंधरानंतर का, ते मलाच माहीत नाही.

६ जानेवारी, सोमवार

सांगितलं.

मॅडम आणि उत्कर्षाताई दोघी होत्या. तुकडा टेबलावर ठेवला, पेपर सोडला. मॅडमनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. मग दुसऱ्या बाजूने पाहिलं.

"केव्हा कापलात?"

"एकोणीस डिसेंबर."

"अठरा दिवस. तुकडा कुठे होता?"

"डब्याच्या पिशवीत."

"म्हणजे तीस कोटी वर्षांचा पुरावा रोज पीएमपीने हडपसरला जाऊन येत होता. तिकीट काढत होतात का त्याचं?"

मी रडायला लागलो. मग सगळं सांगितलं. पेटी, विटा, टोकं, साहेबाचे बाण. आणि पेट्या भरणारा माणूस माझा बाप आहे हेही.

उत्कर्षाताईंनी तुकडा हातात घेतला, भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं आणि मी जे पाहिलं होतं ते त्यांना दिसलं. मला वाटलं ओरडतील. त्या अगदी हळू म्हणाल्या, "पंधरा तारखेला माझं प्रेझेंटेशन आहे, शंभू."

"हो."

"अठरा दिवस तू माझ्यासमोर बसून डबा खात होतास."

त्यांनी आभाराचं पान फाडलं नाही. नुसतं पालथं घातलं आणि बाहेर निघून गेल्या. पर्स इथेच राहिली.

मॅडम म्हणाल्या, "एका गोट्यावर मी कोणाचा प्रबंध पाडत नाही. गोटा चुकत नाही, पण बघणारे चुकतात. पेटीतल्या बाकी कांड्या कापू. आणि ज्याने पेटी भरली त्याला विचारा."

"चार वर्षं बोललो नाही मी त्यांच्याशी."

"मी तुमच्या उजव्या पानाबद्दल विचारत नाहीये, उरकुडे. मला डावं हवंय. फोन करा."

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी शेडच्या बाहेर उभा राहून फोन केला. माय म्हणाली, "थांब, मशीन बारीक करतो."

"बाबा, मी शंभू."

"हव."

"ड्रिलवर पेट्या होत्या ना, त्यातली एकतीस नंबरची इथं आली हाये."

धाप टाकत बाबा म्हणाले, "कोपऱ्याले पत्रा हाये थे?"

"हव."

"तिच्या तळाले पाह्य."

"तळाले काय हाये?"

"म्या... लिवून ठेवलं."

माय मागून म्हणाली, "अक्षर येत नाई मानसाले अन् म्हनते लिवून ठेवलं."

मी विचारलं, "बाबा, पेटी उलटी झाली थे तुमाले ठाऊक होतं? मग साहेबाले काहून नाई सांगतलं?"

"साहेबानं नाव इचारलं असतं."

"कोनाचं नाव?"

ते पुढचंच बोलले. "मंग साहेबाच्या डोळ्याले डोळा... नाई देता ये." पुढे खोकला, आणि माय म्हणाली, बस झालं आता.

धाप लागली की ते असं तुटक बोलतात. मला नीट लागलं नाही.

पेटी रिकामी केली. मॅडम आणि मी मिळून पालथी घातली. त्यांनी टॉर्च धरला. तळाच्या फळीवर तापलेल्या खिळ्याने डागून दोन चित्रं काढलीत. एक त्रिकोण. बाबांची खूण आहे ती, घरी कणगीवर, शिडीवर, सगळीकडे काढतात. टोक ज्या बाजूला ती बाजू वर. इथे त्रिकोणाचं टोक साहेबाच्या बाणांच्या बरोबर उलट दिशेला.

दुसरं चित्र जेवणाच्या डब्याचं. तीन खणांचा, कडीचा, वरच्या खणाचं झाकण उघडं. ते का काढलं कळलं नाही. भूक लागली असेल.

मॅडमनी टॉर्च त्या डब्यावर बराच वेळ धरला.

"वडिलांना डबा कोण आणून द्यायचं?"

"मी."

त्यांनी टॉर्च विझवला. पदराने चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "काम केव्हा सोडलं त्यांनी?"

"त्याच महिन्यात."

"उरकुडे, ट्रॅव्हल्सचं तिकीट काढा. आजचं."

"बाकीच्या कांड्या कापायच्यात ना?"

"दगड कुठे पळून जात नाहीत."

८ जानेवारी, बुधवार

ट्रॅव्हल्समध्ये. वणी गेलं. त्या डब्याचं चित्र डोळ्यासमोरून हलत नाही. वरचा खण उघडा.

१० जानेवारी, शुक्रवार

गावात.

बाबा इतके लहान झालेत. खाटेवर बसूनच असतात, आडवं झालं की दम कोंडतो. मी गेलो तेव्हा माझ्याकडे नाही, आधी बॅगेकडे पाहिलं. चेन उघडून बघितली. चालते अजून.

मोबाइलवर पेटीच्या तळाचा फोटो काढून आणला होता, तो दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, थोडा वेळ पाहिलं आणि फोन उलटा केला. त्रिकोणाचं टोक वर पाहिजे म्हणून. पण फोन फिरवला की फोटोही फिरतो. टोक परत खाली. बाबांनी पुन्हा फिरवला. फोटो पुन्हा फिरला. तिसऱ्यांदा फिरवल्यावर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे बी पोट्टं ऐकत नाई."

आम्ही दोघं हसलो. त्यांना ठसका लागला, मी पाठ चोळली. पाठीची हाडं हाताला लागत होती.

ठसका गेल्यावर म्हणाले, "टोकं मातर बराबर बसवली होती तू."

मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

"एक बी टोक चुकलं नव्हतं. दहा वर्साचं पोरगं."

माझे शब्द चार वर्षं तयार होते. मी पाठ चोळत राहिलो, ते डोळे मिटून बसले. माय स्वयंपाकघरातून ओरडली, चहा घेता का रे दोघं.

१६ जानेवारी, गुरुवार

काल सकाळी बाबा गेले.

मशीन चालू होती. ती बंद करायची असते हे बराच वेळ कोणाच्या लक्षातच आलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

तेरवी करून परत आलो. माय माझ्याबरोबर यायला तयार नाही. म्हणाली, "तू येत जाजो. परत येता येते मानसाले, बर्फाले नसन येत." उत्कर्षाताईंचा चॅप्टर पडल्याचं मी तिला सांगितलं होतं.

दशरथने रूम झाडून ठेवली होती. माझ्यासाठी भात टाकला.

३ फेब्रुवारी, सोमवार

मी नसताना मॅडमनी दुसरा कापणारा बोलावला नाही. स्वतः कापत बसल्या होत्या, बोटाला पट्टी. एकतीस नंबरच्या पेटीत आणखी तीन गोटे मिळाले. तिन्हींची वाटी बाणाच्या टोकाकडे.

उत्कर्षाताई परिषदेला गेल्या होत्या. उभं राहून सांगितलं म्हणे, की बर्फ परत आला असं मला वाटत होतं, तो आला नव्हता, आणि ते आम्हाला कसं कळलं ते ऐका. आता चौथा चॅप्टर नव्याने लिहितायत. वर्ष जाईल. माझ्याशी अजून पूर्वीसारखं बोलत नाहीत. शेंगांची पुडी मात्र आज टेबलाच्या मध्ये ठेवली, त्यांच्या बाजूला नाही.

दुपारी त्यांनी एक ओळ वाचून दाखवली, पानाच्या तळाशी बारीक अक्षरात येणार आहे ती. 'पेटी क्र. ३१ उलटी भरली गेल्याची पहिली नोंद: ज्ञानदेव उरकुडे, चिचपारडी, २०११, पेटीच्या तळावर.'

मी म्हटलं, त्यांना लिहिता येत नव्हतं.

मॅडम आपल्या टेबलावरून म्हणाल्या, "येत होतं. आम्ही वाचायला उशीर केला."

उत्कर्षाताईंनी विचारलं, "खुणेचा अर्थ द्यावा लागेल. त्रिकोणाचा आहे माझ्याकडे. हा डबा कशासाठी?"

मी म्हटलं, लिहितो. आणि वही उघडली. डाव्या पानावर लिहिलं, शनिवारी मॅडम तपासतील:

पेटी ३१, तळ. चित्र दुसरं. जेवणाचा डबा, तीन खणांचा. खालच्या खणात भात असायचा. मधल्यात अंबाडीची भाजी. वरच्या खणात गूळ-फुटाणे. डबा शंभू आणायचा. वरचा खण बाबा खात नसत. झाकण उघडून तसाच ठेवत आणि म्हणत, माझं झालं, हे तू घे.